मामाने दिलेली पदवी: डेरॉन टारगेरियन खरंच ‘शूर’ होता का?

निळी शाई (शनिवार, रात्री ११.०५)

स्पॉयलर भरपूर आहेत. ‘हाउस ऑफ द ड्रॅगन’ फक्त पडद्यावर बघणाऱ्यांनी इथूनच मागे फिरावं, नंतर मला शिव्या देऊ नयेत.

जॉर्ज आर. आर. मार्टिनचं ‘फायर अँड ब्लड’ (मालिका याच पुस्तकावर बेतलेली) तिसऱ्यांदा वाचायला घेतलंय. पहिल्या वेळी ड्रॅगन मोजले, दुसऱ्या वेळी वंशावळ मांडत बसले. या खेपेला एका पोरापाशी अडकलेय, ज्याच्याकडे आधी दोनदा लक्षही गेलं नव्हतं.

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी: वेस्टरॉस या काल्पनिक देशाचा राजा पहिला व्हिसेरिस टारगेरियन आणि त्याची दुसरी राणी अ‍ॅलिसेंट हायटॉवर यांची चार मुलं. एगॉन, हेलेना, एमंड आणि शेंडेफळ डेरॉन. मोठा पुढे गादीवर बसला. एमंडचा एक डोळा गेला आणि बदल्यात त्याला व्हेगार ही अवाढव्य ड्रॅगन मिळाली, त्यामुळे त्याची पोस्टरं निघाली. हेलेनाच्या वाट्याला दुःख आलं. डेरॉनच्या वाट्याला काय? सन ११४ चा जन्म (सन म्हणजे पहिल्या एगॉनच्या विजयापासून मोजलेला, आपण विजय शके म्हणू). बारा वर्षांचा झाल्यावर १२६ मध्ये त्याची रवानगी ओल्डटाउनला, लॉर्ड ऑर्मंड हायटॉवरकडे. तिथे त्याने मद्याचे पेले भरायचे आणि सरदारीचे धडे घ्यायचे. आईचं माहेर ते, म्हणजे पोरगं आजोळी वाढलं. १२९ मध्ये बाप मेला, एगॉन आणि त्याची थोरली सावत्र बहीण रेनीरा यांच्यात गादीसाठी ड्रॅगनांचं युद्ध पेटलं (एगॉनच्या बाजूचे ते ‘हिरवे’), तेव्हा हा पंधराचा. १३० मध्ये टंबलटनला मेला. सोळाचा होता.

इतिहासकार सांगतो की राणीच्या मुलांत हाच सर्वांत लोकप्रिय, हुशार, अदबशीर आणि देखणा. फॅन मंडळींनी ते एक वाक्य उचललंय आणि ‘हिरव्यांतला एकमेव चांगला मुलगा’ अशी त्याची मूर्ती बसवली आहे.

माझी शंका पदवीबद्दल आहे. ‘डेरॉन द डेअरिंग’, शूर डेरॉन. ही पदवी त्याला कुणी दिली? हनीवाइनच्या लढाईनंतर, रणांगणावरच, ‘व्हिजिलन्स’ ही हायटॉवरांची तलवार खांद्याला लावून, लॉर्ड ऑर्मंडने. ऑर्मंड हा अ‍ॅलिसेंटचा चुलतभाऊ. म्हणजे पोराचा मामाच की! आणि त्या मामाची मान त्याच दुपारी भाच्याने वाचवली होती. आजोळच्या कौतुकाला आपण इतिहास म्हणतोय का?

त्यानंतर त्याच पोराने बिटरब्रिज गाव जाळलं, त्याची पदवी कुणी दिली नाही.

बोला.

---

तिरकस (शनिवार, रात्री ११.२०)

मामाच्या गावाला जाऊया, झुकझुक ड्रॅगन उडवूया.

(काडी टाकून पळालो.)

---

रात्रपाळी (रविवार, रात्री १२.४०)

धागा छान. पण हनीवाइनवर तुम्ही दोन ओळींत बोळवण केलीत, तिथेच तर खरा मुद्दा आहे.

परिस्थिती बघा. ऑर्मंड ओल्डटाउनहून निघालाय राजधानीच्या दिशेने. रीचमधले (म्हणजे ओल्डटाउनच्या प्रांतातले) सगळे सरदार हिरवे नव्हते, ही गोष्ट लोक विसरतात. थॅडियस रोवन एका बाजूने आला, दुसऱ्या बाजूने टार्ली, कॉस्टेन आणि बीसबरी. हायटॉवर मधोमध, अडकित्त्यात सुपारी सापडावी तसा. लढाई हातची गेली होती. तेवढ्यात आकाशात टेसॅरिऑन, डेरॉनची ड्रॅगन. निळी राणी! गडद निळे पंख, पोटाचे खवले आणि नख्या घासलेल्या तांब्यासारख्या, आणि ज्वाळाही निळ्याच. पाच-दहा मिनिटांत पारडं फिरलं. रोवन माघारी गेला, बीसबरी आणि टार्ली कैद झाले, कॉस्टेन घायाळ होऊन मरणपंथाला लागला.

आता शौर्य म्हणजे काय ते ठरवा. समोर एकही ड्रॅगन नव्हता. खाली घोडे, भाले, धनुष्यं. मी त्याला कमी लेखत नाही. खालून येणारा एखादा जबर बाण ड्रॅगनलाही मारू शकतो, पहिल्या एगॉनची राणी रेनिस, तिची ड्रॅगन मेराक्सेस डॉर्नमध्ये तशीच गेली होती. पण बरोबरीचा शत्रू नव्हता एवढं तरी मान्य करा.

आणि गंमत म्हणजे हे त्याने स्वतःच मान्य केलंय. मामाने पदवी दिल्यावर पोरगा म्हणाला की हा आपला मोठेपणा, विजय टेसॅरिऑनचा आहे. लोक याला विनय म्हणतात. मला तो सरळ युद्धाचा अहवाल वाटतो.

---

कडीपत्ता (रविवार, सकाळी ९.१०)

रात्रपाळी, ‘विजय टेसॅरिऑनचा’ हे सोळाव्या वर्षाच्या आत स्वतःच्या तोंडाने म्हणणारा मुलगा मला तरी आवडतो. आमच्याकडे दहावीत ब्याण्णव टक्के पडले की सोसायटीच्या गेटवर फ्लेक्स लागतो.

निळी शाई, मामाचा मुद्दा मस्त आहे, पण थोडा अन्याय वाटतोय. त्या जगात सरदारी कुणी ना कुणी द्यावीच लागते, आणि ती जवळचाच माणूस देतो.

---

निळी शाई (रविवार, सकाळी ९.३५)

सरदारी द्यावी की, माझी हरकत नाही. माझी तक्रार विशेषणावर आहे. ऑर्मंडला त्या क्षणी एक नायक हवा होता. हिरव्यांकडे कागदावर चार ड्रॅगनस्वार. त्यातली हेलेना लढणार नाही. एगॉन रुक्स रेस्टच्या लढाईत जळून अंथरुणाला खिळलेला. एमंड राजधानीत. दक्षिणेच्या सैन्याला दाखवायला एकच मूर्ती होती, आणि ती यांच्या छावणीत होती. बाराव्या वर्षी आजोळी पाठवलेलं पोर म्हणजे आजोळच्या अंगणात बांधलेला एक ड्रॅगन, असंही ते वाचता येतं. ओल्डटाउनचा सरदार उगाच कुणाच्या मुलाला पेले भरायला ठेवत नाही.

---

मोडीवाला (रविवार, सकाळी ११.५०)

आता माझा जुना आवडता विषय काढतो, त्याबद्दल आगाऊ माफी. हे पुस्तक कादंबरी नाही, ही बखर आहे. आर्चमेस्टर गिल्डेन नावाचा माणूस कितीतरी नंतर बसून जुने कागद चाळतोय. युद्धाच्या भागात त्याची मुख्य साधनं तीन: सेप्टन युस्टेस, ग्रँड मेस्टर मंकन आणि मश्रूम हा विदूषक. युस्टेस धार्मिक आणि हिरव्यांकडे झुकलेला. मंकनचा मजकूर मोठ्या प्रमाणावर ऑर्वाइलच्या कबुलीजबाबावर उभा, आणि ऑर्वाइलने तो स्वतःचा जीव वाचवायला लिहिलेला. मश्रूमला प्रत्येक गोष्टीत पलंग दिसतो.

आता सांगा, यातला हनीवाइनला कोण होता? युस्टेस राजधानीत. ऑर्वाइल राजधानीत, बराच काळ कोठडीत. मश्रूम रेनीराच्या पदराला धरून. डेरॉनचं अख्खं युद्ध दक्षिणेत झालं आणि आपले तिन्ही बखरकार उत्तरेला बसून ऐकीव लिहीत होते. त्यामुळे ‘अदबशीर, हुशार, देखणा’ ही विशेषणं बाराव्या वर्षाच्या आतल्या मुलाची आहेत, दरबारात पाहिलेल्या. तो ओल्डटाउनला गेला आणि प्रत्यक्ष पाहणाऱ्यांच्या नजरेतून निसटला. नंतरचं जे आहे ते सैन्यातून आलेल्या बातम्या.

आपल्याकडे बखरी वाचताना आपण शंभर वेळा विचारतो की लिहिणारा कुणाच्या पगारावर होता. वेस्टरॉस आलं की आपण सगळे भाबडे.

---

दुपारची झोप (रविवार, दुपारी ३.१५)

मी फक्त मालिकावाला, स्पॉयलर मुद्दाम खाल्ले. पहिला सीझन २०२२ मध्ये दोनदा पाहिला, त्यात हे पात्रच नाही! मला वाटायचं राणीला तीनच मुलं. मग दुसऱ्या सीझनमध्ये अचानक ग्वेन मामा बहिणीला सांगतो की तुझा धाकटा चांगला आहे, दयाळू आहे वगैरे. मी म्हटलं, हा कुठून उगवला?

---

निळी शाई (रविवार, दुपारी ३.४०)

पहिल्या सीझननंतर खूप लोकांनी हाच प्रश्न विचारला. लेखकानेच ब्लॉगवर खुलासा केला की डेरॉन आहे, तो ओल्डटाउनला आहे, पडद्यावर त्याला वेळ देता आला नाही. दुसऱ्या सीझनच्या अखेरीला हायटॉवरांच्या सैन्यावरून निळा ड्रॅगन उडताना दिसतो, तो त्याचाच.

आणि बघा हं, मालिकेतही ‘दयाळू आहे’ हे प्रमाणपत्र कुणाच्या तोंडी? ग्वेन हायटॉवर. पुन्हा मामा!

---

तिरकस (रविवार, दुपारी ३.४४)

यापुढे या धाग्यावर ‘मामा’ शब्द आला की सगळ्यांनी एक घोट चहा घ्यायचा.

---

पाणपोई (रविवार, रात्री ८.३०)

मी या जगात उशिरा आले, मुलीने पुस्तक आणून दिलं म्हणून. नावं पाठ होत नाहीत, वहीत लिहून ठेवलीत. पण बिटरब्रिजचं पान वाचून मी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं होतं, त्यामुळे लिहितेच.

आधी क्रम सांगते, कारण इथे कुणीच सांगितला नाहीये. डेरॉनचा मोठा भाऊ एगॉन, त्याला हेलेनापासून दोन मुलगे आणि एक मुलगी. रेनीराच्या बाजूच्या मारेकऱ्यांनी हेलेनाला विचारलं, दोन मुलग्यांतला कुठला मारू? तिने धाकट्या मेलॉरचं नाव घेतलं, आणि त्यांनी मोठ्याला मारलं. हे झालंच होतं. मग राजधानी रेनीराच्या हाती पडली तेव्हा मेलॉरला एका सरदाराबरोबर लपतछपत दक्षिणेला, ऑर्मंडच्या सैन्याकडे पाठवलं. म्हणजे डेरॉन काकाकडेच निघालं होतं ते लेकरू. बिटरब्रिजला खाणावळीत ओळख पटली, सामानात ड्रॅगनचं अंडं सापडलं, आणि जमावाने त्या लहानग्याला फाडलं. वय किती, तर तीनही नीट भरलं नसेल.

सैन्य तिथे पोहोचलं तेव्हा गावच्या लेडी कॅसवेलने तटावरून शरणागतीच्या अटी विचारल्या. ऑर्मंडने उत्तर द्यायला डेरॉनला पुढे केलं. तो म्हणाला, माझ्या पुतण्याला तुम्ही ज्या अटी दिल्यात त्याच तुम्हाला मिळतील. मग टेसॅरिऑन उठली. गाव जळलं, कोठारं जळली, देऊळही जळलं, आत जखमी माणसं असताना. लेडी कॅसवेलने मुलांना अभय मागत तटावरून स्वतःला फास लावून घेतला.

मला त्या मुलाचा राग येत नाही. म्हणजे येतो, पण त्याआधी दुसरंच काहीतरी येतं. आणि मोठी माणसं शेजारी उभी असताना पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला ‘तूच उत्तर दे’ म्हणून पुढे करणं, याचा राग मला जास्त येतो.

---

कडीपत्ता (रविवार, रात्री ८.५२)

पाणपोई, हे वाक्य वाचून थांबलेच. ऑर्मंडने उत्तर द्यायला त्याला पुढे केलं हे मी चार वेळा वाचलंय, पण तसं कधी दिसलं नव्हतं.

---

रात्रपाळी (सोमवार, रात्री १.०५)

सहमत नाही, आणि थोडं कडक लिहितोय.

याच युद्धात एमंडने रिव्हरलँड्स जाळलं. राजधानी हातची गेली म्हणून चिडून गावंच्या गावं पेटवली. त्याला आपण सगळे राक्षस म्हणतो, आणि बरोबर म्हणतो. डेरॉनने एक गाव जाळलं, त्यात जमावाशी संबंध नसलेली माणसं मेली, आणि त्याला आपण ‘दुःखी पोर’ म्हणतो. फरक काय? एमंडला डोळ्यावर नीलमणी आहे आणि डेरॉन देखणा आहे?

ज्यांनी मेलॉरला मारलं त्यांच्यातल्या काहींना लेडी कॅसवेलने आधीच फासावर दिलं होतं. म्हणजे न्याय म्हणून जे काही होणार होतं ते झालेलं होतं. नंतरची आग निव्वळ सूड होता. शिवाय हुकूम कुणाचाही असो, ड्रॅगन दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. ‘ड्रॅकॅरिस’ (आग ओकायचा हुकूम) त्यालाच म्हणावं लागलं.

---

मोडीवाला (सोमवार, सकाळी ७.४५)

अवांतर वाटेल, पण मला इथे विकर्ण आठवतो. शंभर कौरवांतला एकच, जो द्यूतसभेत उठून बोलला की द्रौपदी जिंकली गेली असं मी मानत नाही. बाकीचे गप्प. कर्णाने त्याला पोरकट म्हणून खाली बसवलं. पुढे युद्धात तो दुर्योधनाच्याच बाजूने लढला आणि भीमाने त्याला मारलं, मारून हळहळला. ‘वाईट बाजूचा चांगला धाकटा’ हा आपल्याकडे हजारो वर्षांचा ओळखीचा माणूस आहे. डेरॉन त्याच रांगेतला.

---

निळी शाई (सोमवार, सकाळी ८.२०)

मोडीवाला, तुलना मोहात पाडते, पण मला ती डेरॉनच्या विरोधातच जाताना दिसते. विकर्ण *बोलला*. भर सभेत, थोरल्या भावाच्या तोंडावर. डेरॉन असं कधी बोलला? बापाचं मृत्युपत्र डावलून थोरल्याला गादीवर बसवलं तेव्हा हा तिथे नव्हताच, ते सोडून देऊ. पण नंतर? रेनीराचा हक्क, आपल्या बाजूची चूक, यावर त्याचा एक शब्द नाही.

---

मोडीवाला (सोमवार, सकाळी ८.३१)

बोलला. टंबलटनला.

---

मोडीवाला (सोमवार, सकाळी ९.०२)

गाडीत होतो, आता नीट लिहितो.

टंबलटनची पहिली लढाई. रेनीराने दोन ड्रॅगनस्वार पाठवले होते, ह्यू हॅमर आणि उल्फ व्हाइट. ह्यूकडे व्हर्मिथॉर हा ड्रॅगन, उल्फकडे सिल्व्हरविंग. दोघेही ऐन वेळी फितूर झाले आणि आपल्याच गावावर उलटले. ऑर्मंड त्याच लढाईत मेला, रेनीराच्या बाजूच्या रॉडी द रुइनच्या हातून. म्हणजे त्या दिवशी मामाचं छत्र गेलं (तिरकस, घ्या चहा). आणि मग गावात जे झालं ते वेस्टरॉसच्या इतिहासातल्या सर्वांत ओंगळ लुटींपैकी एक. खून, बलात्कार, पोरीबाळींनाही सोडलं नाही.

ते बघून डेरॉनला किळस आली. त्याने ऑर्मंडच्या जागी आलेल्या सर होबर्ट हायटॉवरला हुकूम दिला की हे थांबवा. होबर्ट जसा नाकर्ता, तसेच त्याचे प्रयत्न नाकर्ते. काहीच थांबलं नाही.

हीच त्याची द्यूतसभा. बोलला, आणि विकर्णासारखंच कुणी ऐकलं नाही.

---

रात्रपाळी (सोमवार, दुपारी १.३०)

ऐकलं नाही हे खरं, पण त्याच्याकडे विकर्णाकडे नव्हती अशी एक गोष्ट होती: ड्रॅगन. बिटरब्रिजला पुतण्यासाठी तो उडवता आला. टंबलटनच्या बायकांसाठी आपल्याच सैनिकांवर नाही उडवला.

होय, समोर व्हर्मिथॉर आणि सिल्व्हरविंग होते, दोन्ही त्याच्या ड्रॅगनपेक्षा कितीतरी थोराड, आणि फितुरांचा भरवसा नव्हता. व्यवहार कळतो मला. पण मग ‘शूर’ म्हणू नका, ‘व्यवहारी’ म्हणा.

एक हिशोब मांडतो. या पोराने आयुष्यात एकदाही दुसऱ्या ड्रॅगनस्वाराशी झुंज दिली नाही. हनीवाइनला समोर कुणी नव्हतं. बिटरब्रिजला गाव. पहिल्या टंबलटनला समोरचे दोघे फितूर. दुसऱ्या टंबलटनला तो ड्रॅगनपर्यंत पोहोचलाच नाही.

---

कडीपत्ता (सोमवार, दुपारी २.१०)

तुम्ही जिंकलात हो रात्रपाळी, आता जेवून घ्या.

गंभीरपणे: सोळाव्या वर्षी स्वतःच्या सैन्यावर आग ओकायची हिंमत हवी होती अशी अपेक्षा आपण कुठल्या खुर्चीत बसून करतोय?

---

रात्रपाळी (सोमवार, दुपारी २.१४)

आरामखुर्चीत. पण पदवी मी नाही दिली त्याला.

---

दुपारची झोप (सोमवार, दुपारी ४.००)

एक प्रश्न. मालिकेत तर मेलॉर नाहीच ना? मग बिटरब्रिज का जाळणार?

---

निळी शाई (सोमवार, सायंकाळी ६.१५)

एवढ्या झोपेत एवढा चांगला प्रश्न!

हो, मालिकेने मेलॉर गाळला. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये लेखकाने याबद्दल ब्लॉगवर नाराजी लिहिली होती. त्याचं म्हणणं असं की एक लहान मूल काढलं की पुढे एकेक धागा उसवत जातो. ती नोंद लवकरच तिथून काढली गेली.

डेरॉनपुरतं बोलायचं तर मेलॉर गेला की बिटरब्रिजचं कारण गेलं. उरतात दोन वाटा. एक, त्याला गाव जाळायला लावायचंच नाही, म्हणजे तो कायमचा ‘दयाळू धाकटा’. दुसरी, दुसऱ्या कारणासाठी जाळायला लावायचं, आणि कुठलंही दुसरं कारण त्या कारणापेक्षा हलकंच ठरणार. पुतण्याच्या सुडात निदान एक जळतं दुःख होतं. मला पहिली वाट जास्त धोक्याची वाटते. पुस्तकातला डेरॉन मला लक्षात राहतो तो देऊळ पेटवल्यामुळे. ते काढलं तर उरलं काय, निळा ड्रॅगन आणि चांगले केस.

---

मोडीवाला (सोमवार, रात्री १०.२०)

आता मरणाकडे येऊ, कारण बखरकार म्हणून माझा जीव तिथे अडकतो.

ऑर्मंड गेला, एमंड गॉड्स आयच्या तळ्यावर मेला, थोरल्या एगॉनचा ठावठिकाणा कुणाला माहीत नाही. टंबलटनच्या छावणीत भांडणं. ह्यू हॅमरला स्वतःच राजा व्हायचंय, डोक्यावर मुकुट घालून फिरतोय, लोहाराचा पोर. काही सरदारांनी फितुरांना संपवायचा कट केला, डेरॉनची संमती घेतली. आणि कट तडीस जायच्या आधी एका रात्री रेनीराच्या बाजूचा अ‍ॅडम वेलारिऑन सीस्मोक या ड्रॅगनवर बसून छावणीवर कोसळला.

डेरॉनच्या तंबूला आग लागली. पुढे तीन कथा. पहिली, अर्धवट कपड्यांत, हातात तलवार घेऊन तो बाहेर आला आणि ब्लॅक ट्रॉम्बो नावाच्या, मिर शहरातल्या एका भाडोत्री शिपायाने काटेरी गोळ्याने त्याचा चेहरा फोडला. दुसरी, कुणा साध्या शिपायाने त्याला कापलं आणि आपण कुणाला मारलं हे त्या शिपायाला कळलंसुद्धा नाही. तिसरी, तो बाहेर आलाच नाही, जळता तंबू अंगावर कोसळला.

राजपुत्र, ड्रॅगनस्वार, कदाचित पुढचा राजा. आणि कसा मेला ते ठाऊक नाही. प्रेत ओळखता आलं नाही, म्हणून पुढे तिसऱ्या एगॉनच्या राज्यात ‘मीच डेरॉन’ म्हणणारे तोतये उठले.

तोतया म्हटल्यावर मराठी माणसाला काय आठवणार ते सांगायला नको. पानिपतावर भाऊसाहेब गेले १७६१ मध्ये, तोतयाचं बंड कोकणात माजलं ते १७७६ मध्ये. पंधरा वर्षं! पार्वतीबाईंनी कुंकू पुसलं नाही. प्रेताची खात्री नसली की इतकी जागा उरते. पदवीपेक्षा ती जागा मोठी असते.

---

तिरकस (सोमवार, रात्री १०.३१)

पानिपत आलं. पैज जिंकलो. चौतीस प्रतिसादांत येईल म्हणालो होतो, त्याआधीच आलं.

---

रात्रपाळी (मंगळवार, रात्री १२.५०)

मोडीवाला, तुमच्या बाजूने एक पुरावा देतो, रोजच्या भांडणातून सुट्टी.

त्याच रात्री टेसॅरिऑन स्वाराशिवाय उडाली. आधी सीस्मोकशी हवेत भिडली, मग व्हर्मिथॉर त्यांच्यात घुसला. तिघंही संपले. सर्वांत शेवटी टेसॅरिऑन. तीनदा उठायचा प्रयत्न केला, जमेना. दुपार कलेपर्यंत तडफडत होती. मग लॉर्ड ब्लॅकवुडने, तोही एक पोरगाच, आपल्या धनुर्धराला सांगितलं. शंभर यार्डांवरून तीन बाण, तिन्ही डोळ्यात.

धनुर्धराचं नाव लिहिलंय: बिली बर्ली. अंतर लिहिलंय. बाण मोजलेत. ड्रॅगन मरताना पाहणारे शेकडो होते, मुलगा मरताना पाहणारा एकही भरवशाचा नव्हता.

‘विजय टेसॅरिऑनचा’ असं तो म्हणाला होता. इतिहासानेही तेच ऐकलं.

---

कडीपत्ता (मंगळवार, सकाळी ९.००)

आरामखुर्चीतून बरं लिहिता हो.

---

पाणपोई (मंगळवार, दुपारी १२.१०)

वही चाळताना एक नोंद सापडली, अगदी सुरुवातीची, तुम्हा सगळ्यांच्या लढायांच्या कितीतरी आधीची.

डेरॉन जन्मला त्याच वर्षाच्या शेवटी रेनीराला पहिला मुलगा झाला, जेसेरिस. राजा व्हिसेरिसने हुकूम काढला की दोन्ही बाळांना एकाच दाईने पाजायचं, दूध सुटेपर्यंत. एक त्याचा मुलगा, एक नातू. दोघं दूधभाऊ झाले तर दोन्ही घरांत वैर राहणार नाही, अशी म्हाताऱ्याची भाबडी आशा. तशी आशा फळली नाही, असं इतिहासकार लगेच लिहून मोकळा होतो.

मला प्रश्न पडला तो असा की त्या दाईचं पुढे काय झालं? युद्ध पेटलं तेव्हा ती कुठे होती? दोन्ही पोरं तिच्या अंगावर वाढलेली.

---

निळी शाई (मंगळवार, दुपारी १२.४०)

पाणपोई, आत्ता पुस्तक उघडून बसलेय.

जेसेरिस गलेटच्या सागरी लढाईत गेला, सन १३० च्या पाचव्या दिवशी. त्याचा ड्रॅगन व्हर्मॅक्स समुद्रात पडला, जेसेरिस एका फळकुटाला धरून होता, आणि जवळच्या जहाजावरच्या धनुर्धाऱ्यांनी त्याला टिपला. जहाज मिरचं.

डेरॉनही १३० मध्येच. आणि मोडीवाल्यांची पहिली कथा खरी मानली तर मारणारा मिरचाच.

म्हणजे एकाच वर्षात दोघं. मी हे तीन वाचनांत एकदाही शेजारीशेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. ‘शूर होता का’ विचारत बसले.

---

रात्रपाळी (मंगळवार, दुपारी १२.५५)

दाईचं नाव आहे का तिथे?

---

निळी शाई (मंगळवार, दुपारी १.०२)

नाही. बिली बर्लीचं आहे.